रूळ, सूत आणि प्रकाशरेषा

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



मराठीचा अध्यापक रेल्वेच्या रुळांविषयी काय बोलणार, असा प्रश्न पत्रिका वाचून काहींच्या मनात आला असेल. परंतु आपले बडोदे हे रेल्वेचे गाव आहे, आणि आपल्या सभासदांच्या यादीत प्रतापनगरकडची रेल्वेची मंडळी पूर्वीपासून आहेत. त्यांपैकी रूळमार्गाचे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी वाचनकक्षात मला एकदा विचारले, "लेसरने मोजले म्हणजे बरोबर मोजले, असे तुमची शिकलेली माणसे धरून चालतात का हो?" मी तरी तसे धरून चालत होतो. त्यांच्याशी पुढे जे बोलणे होत गेले आणि त्यामुळे जे वाचन घडले, त्यातून हा विषय तयार झाला. यंत्राने सांगितलेला आकडा खरा मानायचा तो कशाच्या बळावर, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. तो मी रुळांच्या उदाहरणाने मांडणार आहे, कारण रुळांच्या बाबतीत आकडा चुकला तर त्याची किंमत माणसे मोजतात.

आधी आपल्याच गावाची थोडी हकीकत. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला. दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भारतातील हा पहिला अरुंदमापी मार्ग होय. प्रारंभी या रुळांवरून गाडी ओढीत असत ते बैल. वाफेची इंजिने नियमितपणे धावू लागली ती १८७३ मध्ये, मार्ग नव्याने बांधल्यानंतर. बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीखालचा रूळ एखादे सूत इकडेतिकडे सरकला तरी कोणाचे काही बिघडत नाही. आणि आज त्याच बडोद्यावरून मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा ५०८ किलोमीटरचा मार्ग बांधला जात आहे. त्यावर गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावावी, अशी योजना आहे. तेथे एक सूत ही फार मोठी गोष्ट आहे.

'सूत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या सुतारगवंड्यांच्या बोलीत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. आणि सूत म्हणजे दोराही, जो ताणून भिंत सरळ आहे की नाही ते पाहतात. माप आणि मापण्याचे साधन या दोहोंना एकच शब्द असणे, ही भाषेची मोठी मौजेची गोष्ट आहे. रुळांच्या मोजणीची सगळी कथा या एका शब्दात सामावते, हे पुढे ध्यानात येईल.

रुळांत मोजायचे काय असते? सामान्य प्रवाशाला वाटते की दोन रुळांतील अंतर, म्हणजे गेज, बरोबर असले की झाले. भारतातील रुंद मार्गाचे गेज साडेपाच फूट. दशमान पद्धतीत ते १६७६.४ मिलिमीटर होते. वरचे चार दशांश सोडून १६७६ म्हणतात. हे अंतर रुळाच्या माथ्यावर मोजत नाहीत, माथ्याच्या थोडे खाली, आतल्या बाजूने मोजतात, कारण चाकाची कड तेथे टेकते. माथा किती खाली धरायचा हेही नेमून दिलेले असते. युरोपीय मानकात ते १४ मिलिमीटर आहे. परंतु गेज हे पाच मापांपैकी एक. दोन्ही रुळांची आडवी पातळी हे दुसरे. प्रत्येक रूळ आपल्या लांबीत किती उंचसखल आहे हे तिसरे, आणि डावीउजवीकडे किती वाकला आहे हे चौथे. पाचवे माप म्हणजे पीळ, आणि सर्वांत घातकी तेच.

घरातला चौरंग उंचसखल जमिनीवर ठेवला की त्याचा एक पाय अधांतरी राहतो. चौरंगावर पाट्यासारखी जड वस्तू ठेवली तर तो पाय टेकेलही. रिकामा असेल तर डुगडुगत राहील. रेल्वेच्या डब्याखालच्या चार चाकांचे तसेच आहे. एका ठिकाणी डावा रूळ किंचित उंच आणि तीन-चार मीटर पुढे उजवा रूळ किंचित उंच असला, तर प्रत्येक ठिकाण एकेकटे मोजून पाहता मर्यादेत बसते, पण चार चाके एकाच वेळी त्या पट्ट्यावर आली की एका चाकावरचा भार हलका होतो. मग त्या चाकाला रुळावर धरून ठेवणारे काय उरते? चाकाच्या आतल्या बाजूची कड. नव्या चाकावर तिची उंची साडेअठ्ठावीस मिलिमीटर असते, म्हणजे सव्वा इंचाहूनही कमी. हलके झालेले चाक वळणावर त्या कडेवरून वर चढते, आणि गाडी घसरते. रिकाम्या वाघिणी भरलेल्या वाघिणींपेक्षा अधिक सहज का घसरतात, हे कोडेही चौरंगाच्या उदाहरणाने सुटते.

आता मोजण्याकडे वळू. सर्वांत जुने साधन म्हणजे डोळा. अनुभवी मुकादम रुळाशी गुडघे टेकून, मान खाली घालून, रुळाच्या कडेने दूरवर नजर लावतो आणि कोठे पोट आले आहे ते सांगतो. दुसरे साधन हातातील गेज आणि पातळी. तिसरे सूत. वळणावरच्या बाहेरच्या रुळाला आतल्या बाजूने २० मीटरचे सूत ताणून धरायचे आणि बरोबर मधोमध सुतापासून रूळ किती दूर आहे ते पट्टीने मोजायचे. रेल्वेत त्याला वर्साइन म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी अत्यंत सुंदर परिभाषा होती. वर्तुळाचा तुकडा ते धनुष्य, त्याला ताणलेली दोरी ती ज्या, आणि मधले अंतर तो शर. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ज्या, शर आणि व्यास यांचे परस्परसंबंध दिलेले आहेत. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर, ज्याला आपल्या रेल्वेत दोन अंशांचे वळण म्हणतात, २० मीटरच्या ज्येचा शर ५७ मिलिमीटर येतो. दर १० मीटरवर शर मोजत जावे. आकडे ५७ च्या आसपास राहिले तर वळण सुबक, एकदम ७० नंतर ४५ आले तर तेथे रूळ सरकलेला.

ही रीत स्वस्त आणि चोख आहे, आणि आजही वापरात आहे. परंतु तिच्यात एक आंधळेपणा आहे, आणि तो मला कळला तेव्हा मी थक्क झालो. समजा, रूळ लाटेसारखा डावीउजवीकडे नागमोडी झाला आहे आणि एका लाटेची लांबी बरोबर १० मीटर आहे. २० मीटरच्या सुताची दोन्ही टोके लाटेच्या माथ्यावर टेकवली तर मधला बिंदूही माथ्यावरच येतो. शर शून्य! सूत पुढे सरकवून टोके लाटेच्या तळाशी नेली तर मध्यही तळाशी येतो. पुन्हा शून्य. रूळ वाकडा, सूत म्हणते सरळ. उलट लाटेची लांबी २० मीटर असेल, तर टोके माथ्यावर आणि मध्य तळाशी. तेव्हा सूत खऱ्याच्या दुप्पट वाकडेपणा दाखवते. आणि लाट ८० मीटर लांबीची असेल, तर २० मीटरच्या सुताला तिचा तीन दशांशही दिसत नाही. मोजणाऱ्याचा हात थरथरला नाही, पट्टी चुकीची नव्हती, सूत सैल नव्हते. तरीही हे घडते, कारण दोष साधनाच्या घडणीतच आहे. साधन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, हे आधी माहीत नसेल तर काळजीपूर्वक केलेले मोजमापही फसवते.

मग ८० मीटरच्या लाटेची पर्वा करायची कशाला? ते वेगावर अवलंबून आहे. रेल्वेचा डबा आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड हेलकावा घेतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. म्हणून तिला झोके देणारी लाट १८ ते २८ मीटरची. ताशी ३२० किलोमीटरला गाडी सेकंदाला ८९ मीटर जाते, आणि तिला झुलविणारी लाट ६० ते ८९ मीटरची होते. साध्या गाडीला जी लाट जाणवतही नाही, ती वेगवान गाडीतील प्रवाशाला खुर्चीतून हलवते. वेग वाढला की सूत लांब करावे लागते. जपानमध्ये पूर्वीपासून १० मीटरच्या ज्येवर मोजण्याची पद्धत होती. शिंकान्सेनसाठी त्यांनी तिच्या जोडीला ४० मीटरची ज्या घेतली. ४० मीटरचे सूत ८० मीटरची लाट जशीच्या तशी दाखवते. मात्र २० मीटरच्या लाटेला ते आंधळे असते, म्हणून आखूड सुताला निवृत्ती मिळत नाही.

शेकडो किलोमीटर मार्ग हातातील सुताने वारंवार मोजणे अशक्य, म्हणून मोजणारी गाडीच तयार करण्यात आली. जुन्या गाड्यांत रुळाला घासत जाणारे स्पर्शक असत. ते झिजत, सांध्यावर आणि रूळबदलाच्या ठिकाणी अडखळत, आणि वेग वाढला की रूळ सोडून उड्या मारीत. लेसर आला तो येथे. रुळाला स्पर्श न करता मोजायचे, हे त्याचे खरे काम.

रीत अशी. गाडीच्या खाली, चाकांच्या चौकटीला, प्रत्येक रुळाजवळ एक पेटी बसवलेली असते. पेटीतून लेसरचा किरण पंख्यासारखा पसरून रुळावर आडवा पडतो आणि रुळाच्या अंगावर एक उजळ रेषा उमटते. बाजूला, काही कोन करून, कॅमेरा असतो. समोरून पाहिली तर सरळ दिसणारी ती रेषा कोनातून पाहिल्यावर रुळाच्या आकाराप्रमाणे वाकलेली दिसते. चित्रात रेषेचा कोणता बिंदू कोठे आला यावरून त्रिकोणमितीने तो पेटीपासून किती दूर आहे ते निघते. डावीकडचे अंतर, उजवीकडचे अंतर, आणि दोन पेट्यांमधील ठरलेले अंतर यांची बेरीज म्हणजे गेज. पाव मीटरला एक नोंद घ्यायची ठरवली, तर ताशी १०० किलोमीटर वेगात सेकंदाला १११ नोंदी होतात. गाडी स्वतःही डोलत असते, म्हणून तिच्या हालचाली मोजणारी प्रवेगमापके आणि घूर्णदर्शी सोबत असतात आणि संगणक ते डोलणे वजा करतो. मग त्या नोंदींवर संगणक हव्या त्या लांबीचे सूत कल्पनेने ताणतो, १० मीटरचे म्हणा, ४० चे म्हणा. सूत गेलेले नाही. ते आता गणितात ताणले जाते.

येथे शब्दाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. १९८३ पासून मीटरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच प्रकाशावर बेतलेली आहे. निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर कापतो ते अंतर म्हणजे एक मीटर. त्यामुळे 'लेसर' म्हटले की साक्षात मीटरच हाती आला, अशी समजूत होते. रुळाखालच्या पेटीतला लेसर तसा नाही. तो केवळ रेषा उमटवतो. माप येते ते कॅमेऱ्याच्या चित्रातून आणि पेट्यांच्या बैठकीतून. पेटी खडीच्या धक्क्याने केसभर तिरकी झाली, तर प्रकाश तितकाच तेजस्वी राहतो आणि आकडा खोटा होतो. तोही तीन दशांश स्थळांपर्यंत नीटनेटका छापलेला.

म्हणून अंशांकन. शासकीय परिभाषाकोशात हा शब्द सापडतो. माझे विद्यार्थी तो ऐकून दचकतात. पण कल्पना आपल्या बाजारातली आहे. पूर्वीचा वाणी तराजू उचलला की आधी पासंग पाहत असे. रिकामी पारडी समतोल राहत नसतील तर हलक्या पारड्याला खडा बांधायचा, तो पासंग. आणि तराजूच्या दांडीतच लबाडी आहे असा संशय आला, तर माल आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचे. रुळाची आडवी पातळी मोजणाऱ्या उपकरणाची परीक्षा आजही हुबेहूब तशीच घेतात. एकदा वाचन घ्यायचे, उपकरण टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच जागी पुन्हा वाचन घ्यायचे. दोहोंत फरक आला तर त्याचा अर्धा भाग उपकरणाचा स्वतःचा दोष. परिपूर्ण सपाट जागा जवळ नसतानाही उपकरण स्वतःचीच चूक सांगून टाकते. इतकी साधी आणि इतकी चतुर परीक्षा मला दुसरी माहीत नाही.

गेजची परीक्षा अधिक खटाटोपाची. गाडी उभी असताना खाली ज्ञात लांबीची आणि ज्ञात पायऱ्यांची पोलादी पट्टी ठेवायची, प्रत्येक पायरीवर पेटी काय वाचते ते नोंदायचे आणि त्यावरून सुधारणेचे कोष्टक तयार करायचे. पण ती पट्टी तरी बरोबर कशावरून? ती वरच्या दर्जाच्या प्रमाणपट्टीशी ताडलेली असावी लागते, आणि ती प्रमाणपट्टी प्रयोगशाळेतील त्याहून वरच्या मापाशी. ही साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचते. तीतली एक कडी निसटली की खालचे सगळे आकडे आपसांत जुळतात आणि सत्याशी मात्र जुळत नाहीत. त्यात भर उन्हाळ्याची. पोलाद तापले की वाढते. १६७६ मिलिमीटरची पोलादी पट्टी हिवाळ्यातल्या पहाटे आणि वैशाखातल्या दुपारी, तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर पाऊण मिलिमीटरने लहानमोठी होते. ज्या यंत्राकडून मिलिमीटरच्या अंशाची अपेक्षा करायची, त्याची परीक्षा घेणारीच पट्टी ऋतूप्रमाणे बदलते! म्हणून पट्टीवर तापमान लिहून ठेवावे लागते.

प्रकाशाचा पंखा रुळाला काटकोनात छेदतो की नाही, हेही पाहावे लागते. काकडी तिरकी कापली की चकती लांबट निघते. पंखा तिरका पडला तर रुळाचा छेद तसाच लांबट दिसतो आणि झिजलेला रूळही धष्टपुष्ट भासतो. सूर्यप्रकाशात लेसरच्या रंगाचा प्रकाश असतोच. तो कॅमेऱ्यात शिरला तर रेषा हरवते, म्हणून फक्त तेवढाच रंग आत सोडणाऱ्या काचा बसवतात. रुळाचा माथा आरशासारखा चकाकतो, बाजू गंजाने काळसर असते, वळणावर वंगण फासलेले असते, आणि पावसाळ्यानंतर गवत मध्ये येते. रूळबदलाच्या ठिकाणी तर रुळाची आतली कड काही अंतर नसतेच; यंत्र तेथे भलतेच गेज लिहिते आणि माणसाने ते ओळखून बाजूला काढावे लागते.

वळणावरचा प्रकार सर्वांत गमतीचा. आडवी पातळी मोजणारे उपकरण 'खाली' कोणत्या दिशेला आहे ते पाहते. मघाच्याच ८७५ मीटरच्या वळणावर ताशी १०० किलोमीटरने जाताना जो बाहेरचा ओढा लागतो, त्याने हे उपकरण फसते आणि दीडशे मिलिमीटरहून अधिक खोटा उतार दाखवते. घूर्णदर्शीच्या साहाय्याने तो वजा करावा लागतो. म्हणजे खरे माप काही मिलिमीटरच्या चोखपणाने हवे, आणि त्यासाठी त्याच्या कितीतरी पट मोठी खोटी रक्कम अचूक वजा करायची. वजाबाकीत थोडीशी चूक झाली की हाती उरते ती केवळ चूकच.

दोष कोठे आहे हे सांगण्यासाठी अंतरही मोजावे लागते, आणि ते चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतात. डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे. ते झिजून ९१० झाले आणि संगणकात जुनाच आकडा राहिला, तर प्रत्येक किलोमीटरमागे साडेपाच मीटरची चूक साठत जाते. १० किलोमीटरवर ५५ मीटर. दोष खरा, माप खरे, पण दुरुस्तीची टोळी भलत्याच ठिकाणी खडी खणते. त्यासाठी मैलाच्या खुणांशी आणि आता उपग्रहाच्या साहाय्याने अंतर पुन्हा पुन्हा जुळवून घेतात. आणि शेवटची परीक्षा म्हणजे तोच मार्ग दोनदा, शक्य तर दोन्ही दिशांनी, मोजायचा आणि आलेखावर आलेख ठेवून पाहायचा. दोन्ही एकमेकांवर बसले तर यंत्र निदान स्वतःशी तरी प्रामाणिक आहे, एवढे सिद्ध होते. सत्याशी प्रामाणिक आहे की नाही हे त्या प्रमाणपट्टीवाचून सिद्ध होत नाही. या दोन प्रामाणिकपणांत फरक आहे, आणि आमचे ते ज्येष्ठ सभासद ज्याकडे बोट दाखवीत होते ते हेच.

एवढे करूनही यंत्राला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्ड येथे वेगवान गाडी घसरली आणि चार माणसे दगावली. तेथे रुळाच्या कडेला चाकांच्या सततच्या दाबाने बारीक चिरा पडल्या होत्या, आणि त्या आत जाऊन रूळ गाडीखालीच तुकडे तुकडे झाला. गेज, पातळी, पीळ यांची मापे अशी चीर सांगू शकत नाहीत; तिला श्राव्यातीत ध्वनीची निराळी तपासणी लागते. त्या दुर्घटनेनंतर तेथील रेल्वेने २००३ मध्ये एक नवी मोजणी-गाडी आणली, जी ताशी १२५ मैलांपर्यंत धावत पाहणी करते. जपानमधील पिवळी गाडी, जिला लोक कौतुकाने 'डॉक्टर यलो' म्हणतात, टोकियो ते हाकाता मार्ग साधारण दहा दिवसांतून एकदा तपासत असे. तिच्या दोन संचांपैकी एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाला. आता नेहमीच्या प्रवासी गाड्यांवरच मोजणीची साधने बसविण्याकडे तेथील कल आहे. रोज मोजमाप मिळेल, हा मोठाच लाभ. परंतु खास गाडीत यंत्राशेजारी बसून त्याच्या लहरी ओळखणारा माणूस तेथे नसेल. अंशांकनाची जबाबदारी त्यामुळे घटत नाही, वाढते.

बडोद्याच्या परिसरात जो नवा वेगवान मार्ग होत आहे, त्याची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या मार्गात स्लीपर खडीवर बसलेले असतात. रूळ खचला की खडी ठोकून तो उचलता येतो. चूक झाली तर सुधारायला वाव आहे. नव्या मार्गाचे गेज १४३५ मिलिमीटर आहे आणि त्यात जपानी पद्धतीच्या काँक्रीटच्या लाद्या आहेत. एकेक लादी सुमारे ३.९ टनांची. लादी आणि खालचा काँक्रीटचा थर यांच्यामध्ये सिमेंट आणि डांबर यांचे मिश्रण भरतात. ते घट्ट झाले की लादी जेथे बसली तेथे बसली. पुढे जी काही सुधारणा करायची ती रूळ पकडणाऱ्या चापांच्या मर्यादेत, थोड्या मिलिमीटरांची. खडीच्या मार्गात मोजणी दुरुस्तीच्या आधी येते. येथे ती बांधणीच्याही आधी येते. या कामाचे प्रशिक्षण ज्या संस्थेत दिले जाते ती आपल्याच गावात आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. प्रतापविलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी घडत आले. त्याच परंपरेत ही भर पडली.

परंतु अभिमानापाशी थांबणे बरे नव्हे, आणि म्हणून जरा अप्रिय गोष्टीकडे येतो. यंत्र उत्तम, अंशांकन चोख, आणि गाडी यार्डात उभी, असे झाले तर काय? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये गाड्या घसरण्याविषयी एक अहवाल दिला. त्यात २०१७-१८ ते २०२०-२१ या काळाचा आढावा आहे. रूळमार्गाच्या भूमितीची तपासणी करणाऱ्या गाड्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांत ३० ते १०० टक्क्यांपर्यंत तूट आढळली, असे त्यात नमूद आहे. १०० टक्के तूट याचा अर्थ तेथे ठरलेली एकही फेरी झाली नाही. त्याच अहवालात अभियांत्रिकी विभागाकडे ज्यांची जबाबदारी जाते अशा ४२२ घसरणींचा हिशेब आहे. त्यांपैकी १७१ रूळमार्गाच्या देखभालीतील उणिवांमुळे आणि १५६ मार्गाची मापे मर्यादेबाहेर गेल्यामुळे झाल्या. मर्यादेबाहेर गेलेले माप, म्हणजेच गेज, पातळी, पीळ. जे मोजण्यासाठी ही सगळी प्रकाशाची करामत उभी केली, तेच.

या आकड्यांवरून कोणा एकाला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. ज्या मार्गावर गाड्यांची दाटी आहे तेथे मोजणी-गाडीला वेळ काढून देणे म्हणजे दुसरी एखादी गाडी थांबविणे. आणि जी गाडी थांबते तिची ओरड होते, जी मोजणी होत नाही तिची होत नाही. शिवाय मोजणीचा आलेख आला तरी त्यावरून खडी ठोकायला माणसे आणि मोकळा मार्ग लागतो. आपल्या खांद्यावर हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन रोज ठरलेला टप्पा चालणारा चावीवाला अजून आहे. लेसरच्या दोन फेऱ्यांमध्ये जे महिने जातात, त्या महिन्यांत रूळ पाहणारा तोच एक. सैल झालेला चाप पहिल्याने त्याला दिसतो. त्याने सांगितलेले आणि यंत्राने लिहिलेले एकाच वहीत शेजारी शेजारी यावे, निदान कोणी तरी ती दोन्ही एकत्र वाचावीत, एवढी अपेक्षा फार नाही. प्रत्यक्षात तसे कितपत होते, हे माझ्यासारख्या पुस्तकी माणसाने सांगण्यापेक्षा येथे बसलेल्या रेल्वेच्या मंडळींनी सांगावे. ज्यांनी उन्हात २० मीटरचे सूत स्वतः धरले आहे असे चार-पाच जण मला समोर दिसत आहेत. चर्चेचा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवावा, अशी अध्यक्षमहाराजांना विनंती करतो आणि आपली रजा घेतो.